ख्रिस्ती काव्यस्पर्धेला कविता पाठवायचीय? मग आधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरची एक मुलगी वही घेऊन घरी आली, बारावीला आहे, म्हणाली टीचर ह्यातली कुठली स्पर्धेला पाठवू. वहीत अकरा कविता, सगळ्या येशूवर, अक्षर सुंदर. मी विचारलं नियमावली कुठंय, तर तिनं मोबाईलवर एक पोस्टर दाखवलं. त्यातली तिनं फक्त शेवटची तारीख आणि बक्षिसाची रक्कम वाचली होती. त्याच पोस्टरवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की कविता चोवीस ओळींच्या आत हवी, आणि तिची सगळ्यात आवडती कविता एकेचाळीस ओळींची.

त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितेय. मी गोव्यातल्या बार्देशातली, घरात कोंकणी, शाळा मराठी, शिकवतेही मराठीच. स्पर्धांना स्वतः कविता पाठवते आणि दोनदा लहान स्पर्धांची परीक्षकही झालेय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की तुमची कविता एका अनोळखी माणसाच्या हातात पडणार आहे. त्याला तुमची चर्च माहीत नाही, तुमची आजी माहीत नाही, तुम्ही रडत रडत लिहिलीत हेही माहीत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतो.

स्पर्धा कुठं शोधायची

"ख्रिस्ती काव्यस्पर्धा" असं नाव असलेली मराठी स्पर्धा गोव्यात रोज उठून मिळणार नाही, म्हणून जाळं मोठं टाका. पहिलं म्हणजे आपली चर्च किंवा मंडळी, फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) वेळी किंवा नाताळच्या आधी तिथं काही ना काही निघतं. दुसरं म्हणजे मराठी ख्रिस्ती मासिकं. 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचं, 'निरोप्या' १९०३ पासूनचं, आणि वसईचं 'सुवार्ता'. ही वाचायची सवय लावा, म्हणजे कोण काय मागतंय ते कळतं आणि आपल्यासारखं आणखी कोण लिहितंय तेही कळतं. तिसरं म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या स्पर्धा, दिवाळी अंकांच्या, वाचनालयांच्या, कॉलेजांच्या. पर्वरीची गोमंतक मराठी अकादमी आणि पणजीची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा, ह्यांच्या कार्यक्रमांच्या बातम्यांवर नजर ठेवा, तिथं येणाऱ्या लोकांकडूनच पुढच्या स्पर्धांची खबर मिळते.

खुल्या स्पर्धेत ख्रिस्ती कविता पाठवायला खूप जण घाबरतात, आपली कविता कोण घेणार असं त्यांना वाटतं. घाबरू नका. ह्याच मातीत फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं आणि ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठीत ख्रिस्ताबद्दल लिहिणं म्हणजे बाहेरून आणलेली गोष्ट नाहीच, चारशे वर्षं झाली. आणि २०२० साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

इंग्रजीतही लिहीत असाल तर परदेशातल्या ख्रिस्ती संस्थांच्या स्पर्धा असतात, त्यांच्याबद्दल खाली वेगळं सांगते.

नियमावली पेन घेऊन वाचा

नुसती वाचू नका, प्रिंट काढा नाहीतर वहीत उतरवा आणि प्रत्येक अटीखाली रेघ मारा. वयाची अट, ओळींची मर्यादा (शीर्षक आणि मधल्या मोकळ्या ओळी धरतात की नाही ते बघा, लिहिलं नसेल तर फोन करून विचारा, विचारण्यात लाज नाही), एकाने किती कविता पाठवायच्या, विषय दिलाय की मोकळा आहे, मुक्तछंद चालतो की वृत्तबद्धच हवी. भाषा आणि लिपी तर नक्कीच बघा. आपल्या गोव्यात हा घोळ नेहमीचा आहे, कोंकणी स्पर्धेत देवनागरी की रोमी (रोमन लिपी) हे वेगळं सांगितलेलं असतं, आणि मराठी स्पर्धेला देवनागरीत लिहिलेली कोंकणी कविता पाठवली तर ती बाद होते, कितीही चांगली असली तरी. मराठी कवितेत एकदोन कोंकणी शब्द येणं वेगळं, ते मला तर आवडतं.

आता 'अप्रकाशित' ह्या शब्दावर थांबा, कारण इथं माझीच कविता बाद झालीय. आमच्या चर्चच्या छोट्या पत्रकात, जे झेरॉक्स काढून रविवारी मिस्सेनंतर वाटतात, त्यात माझी एक कविता आली होती. मी ते प्रकाशन धरलंच नाही, तीच कविता स्पर्धेला पाठवली, ती निवडली गेली आणि मग कुणीतरी आयोजकांना ते पत्रक दाखवलं. नियम त्यांचा बरोबर होता. तेव्हापासून मी असं धरते की छापलेलं, फेसबुकवर टाकलेलं, इन्स्टाग्रामवर फोटोवर लिहून टाकलेलं, मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेलं, सगळं प्रकाशित. काही आयोजक सोशल मीडिया धरत नाहीत, पण तसं त्यांनी लिहून दिलं तरच माना. स्पर्धेसाठी ठेवलेली कविता स्टेटसला टाकायचा मोह आवरा, निकालानंतर खुशाल टाका.

हक्कांची ओळही बघा. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७ चा) कविता लिहिली की हक्क आपोआप तुमचा होतो, नोंदणी लागत नाही, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. निवडलेल्या कविता एकदा अंकात छापायचा हक्क आयोजकांनी मागितला तर ते रास्तच आहे. पण "पाठवलेल्या सर्व कवितांचे सर्व हक्क आयोजकांकडे" असं असेल तर मी तिथं पाठवत नाही, कारण त्यात हरलेल्या कवितासुद्धा जातात.

पैसे

थोडं प्रवेशशुल्क असणं वाईट नाही, परीक्षकाला मानधन, छपाई, हॉल, खर्च असतोच. पण परीक्षकांची नावं नाहीत, मागच्या वर्षीचे निकाल कुठे दिसत नाहीत, पाठवलेल्या प्रत्येकाला "आपली कविता निवडली गेली आहे" असा मेसेज येतो आणि पाठोपाठ संग्रहाच्या प्रती विकत घ्या असं येतं, तर ती स्पर्धा नाही, पुस्तकविक्री आहे. मी एकदा त्यात सापडलेय, पैसे भरून दोन प्रती मागवल्या, माझ्या कवितेची चार कडवी एकाला एक चिकटवून छापलेली आणि आडनाव चुकलेलं. आईनं तरी ते पुस्तक कपाटात ठेवलंय, त्यामुळे मला अजून जास्त वाईट वाटतं. तुमच्या आईच्या कपाटात असं पुस्तक जाऊ नये म्हणून सांगतेय.

कुठली कविता निवडायची

इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळं ह्यावरच आहे.

परीक्षक म्हणून माझ्यापुढे सत्तरेक कविता होत्या, विषय होता प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा होत्या:

हे प्रभू, तू आमच्या पापांसाठी
क्रूसावर प्राण दिलेस,
रक्ताने आम्हांला तारलेस,
तुझी स्तुती सदा असो

ह्यात एक शब्दही खोटा नाही. प्रार्थना म्हणून मी ह्याला आमेन म्हणेन. पण ही कविता कुणीही लिहिली असती, पर्वरीत, पुण्यात, वसईत, कुठंही. लिहिणाऱ्यानं स्वतः काय पाहिलं ते ह्यात कुठेच नाही, त्याला काय माहीत आहे तेवढंच आहे, आणि ते तर आपल्या सगळ्यांनाच कॅटेकिझमच्या वर्गापासून माहीत आहे.

माझीही आधीची गुड फ्रायडेची कविता अशीच होती. मग एकदा मी स्वतःला विचारलं की त्या दिवशी मी खरंच काय ऐकते? आपल्याकडे पवित्र गुरुवारच्या मिस्सेपासून पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीपर्यंत घंटा वाजत नाही, तिच्या जागी लाकडी मात्राक वाजवतात. मग ते असं झालं:

आज घंटेला जीभ नाही.
मात्राकाचा लाकडी खडखडाट
वाड्यावरून गेला.
आई पेजेचं भांडं उतरवता उतरवता
तशीच धरून उभी राहिली.

ही फार मोठी कविता आहे असं मी म्हणत नाही. पण ह्यात प्रभूचं मरण आहे आणि त्याचं नावही घ्यावं लागलं नाही, आईच्या हातात ते आलं. आणि मात्राक म्हणजे काय हे नगरच्या किंवा नाशिकच्या परीक्षकाला माहीत नसलं तरी "लाकडी खडखडाट" हे दोन शब्द पुरतात, तळटीप द्यावी लागत नाही. आपले स्थानिक शब्द वापरताना हीच युक्ती ठेवा, शब्द टाका आणि शेजारी त्याचा आवाज किंवा वास किंवा काम ठेवा.

गोव्यात तर अशा गोष्टी पावलोपावली आहेत हो. रस्त्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रूसाकडे, संध्याकाळची लदीन, ती गाऊन म्हणायची प्रार्थना, मेणबत्ती वाऱ्यानं विझते आणि कुणीतरी पुन्हा पेटवतं. कणसांच्या फेस्ताला फादर आशीर्वाद देतात ते हिरवट भाताचं कणीस, जे घरी आणून आल्ताराकडे, घरातल्या वेदीकडे, ठेवतात. चोवीस जूनचं सांजांव, म्हणजे संत योहानाचा सण, डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून पोरं विहिरीत उडी मारतात, आणि ती उडी कशाची आठवण, तर मारिया भेटायला आली तेव्हा आईच्या पोटात बाळ योहानानं मारलेल्या उडीची, लूकच्या पहिल्या अध्यायातली. विषय 'आनंद' आला तर "आनंद आनंद प्रभूचा आनंद" असं लिहिण्याऐवजी त्या विहिरीच्या काठावर जाऊन उभे राहा.

म्हणून निवडताना असं करा. तुमच्या पाचसहा कविता घ्या आणि प्रत्येकीत अशी एक तरी ओळ शोधा जी फक्त तुम्हीच लिहू शकला असता. जिच्यात सापडली तीच पाठवा. सगळ्यात भक्तिपूर्ण कविता आणि सगळ्यात चांगली कविता ह्या बहुतेक वेळा वेगळ्या निघतात, ह्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुःखाच्या, शंकेच्या कविता पाठवायला आपले लोक कचरतात, फादर काय म्हणतील असं वाटतं. अहो स्तोत्रसंहितेत किती तक्रारी आहेत बघा, बाविसावं स्तोत्र तर "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" इथूनच सुरू होतं आणि येशूनं क्रूसावर तेच शब्द उच्चारले. शेवटच्या कडव्यात ओढूनताणून सगळं गोड करायची गरज नाही.

छंद आणि शब्द

वृत्तबद्ध मागितली असेल तर अभंग हा आपल्याला सगळ्यात जवळचा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच मोजायचं, म्हणजे ख्रिस्त दोन अक्षरं, वधस्तंभ चार, नाझरेथ चार. नमुना म्हणून आत्ताच बोटांवर मोजून जुळवलेला एक:

येशू आला दारी
उभा पावसात
दिवा नाही आत
तरी थांबे

मोजून बघा. आणि यमकासाठी अर्थ वाकवू नका, "प्रभू"ला जोडी हवी म्हणून "विभू" आला की परीक्षकाला लगेच कळतं की कवी अडकला होता.

शब्दांची आणखी एक गोष्ट जी बाहेरच्या कुणी सांगणार नाही. आपल्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मराठी वेगळी आहे. एकाकडे क्रूस, दुसऱ्याकडे वधस्तंभ, एकाकडे मिस्सा आणि फादर, दुसऱ्याकडे उपासना आणि पाळक, आणि तीच योहानाची आई एका बायबलात एलिझाबेथ तर दुसऱ्यात अलीशिबा. दोन्ही बरोबर, पण एका कवितेत खिचडी करू नका, जी तुमच्या घरातली तीच ठेवा. येशु की येशू, एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच. बायबलमधली वाक्यं जशीच्या तशी चारपाच ओळी घालणं टाळा. एक तर नव्या भाषांतरांवर प्रकाशकांचे हक्क असतात, आणि दुसरं म्हणजे परीक्षकाला तुमच्या ओळी वाचायच्या असतात.

पाठवण्याआधीचे आठ दिवस

कविता झाली की तीनचार दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्यानं वाचा, एकदा स्वतःला आणि एकदा अशा माणसाला जो चर्चला जात नाही. माझ्या शाळेत शेजारच्या वर्गाला शिकवणाऱ्या एक मॅडम हिंदू आहेत, त्यांना मी प्रत्येक कविता ऐकवते. जिथं त्या "म्हणजे काय गं?" विचारतात तिथं बहुतेक वेळा मी चर्चमधली तयार वाक्यं टाकलेली असतात. घरच्यांना ऐकवून उपयोग नाही, त्यांना सगळंच आवडतं.

टायपिंग युनिकोडमध्ये करा, मोबाईलचा मराठी कीबोर्ड चालतो. जुन्या डीटीपीच्या फॉन्टात टाईप केलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. पीडीएफ मागितली असेल तर करून झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा, खास करून रफार आणि "दुसऱ्या", "वाऱ्या" असले शब्द, तेच आधी मोडतात. आणि ईमेलमध्ये कविता चिकटवल्यावर कडव्यांमधली जागा शाबूत आहे ना ते बघा.

कवितेच्या पानावर नाव नको असं नियमात असेल तर ते सगळीकडून काढा. पान कोरं ठेवून फाईलचं नाव स्वतःच्या आडनावानं देणारे मी स्वतः पाहिलेत. वर्डमध्ये फाईल मेनूतल्या इन्फोमध्ये लेखक म्हणून तुमचं नाव बसलेलं असतं, तेही पुसा. कवितेतसुद्धा शेवटच्या ओळीत नाव गुंफायची आपल्याकडे संतांपासूनची रीत आहे, पण अशा स्पर्धेत ती बाद करते. नाव, पत्ता, फोन, वयाचा दाखला, सगळं वेगळ्या पानावर, त्यांनी मागितलंय त्याच क्रमानं.

पोस्टानं असेल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीत डकवा. तारीख पोस्टाच्या शिक्क्याची धरतात की हातात पोचण्याची, हे आधी बघा. ऑनलाईन असेल तर दोन दिवस आधी. जुलैत आमच्याकडे एक झाड पडलं की लाईट आणि नेट दोन्ही जातं, शेवटच्या संध्याकाळचा भरवसा धरू नका.

परदेशी स्पर्धेचं थोडक्यात. शेवटची तारीख त्यांच्या घड्याळाप्रमाणे असते. लंडनची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट, हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे दीड, त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा. शुल्क डॉलरमध्ये असतं आणि आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुतेक वेळा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, वर बँक थोडं जास्तीचं कापते. भारतातून प्रवेश चालतो का, एकच कविता एकाच वेळी दोनीकडे पाठवलेली चालते का, आणि यमकाच्या कवितांचा गट वेगळा आहे का हे बघा. मराठी कवितेचं इंग्रजी करून पाठवायचं असेल तर भाषांतर चालतं असं लिहिलंय का ते शोधा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

पाठवल्यानंतर

एक वही करा, साधी दोनशे पानी. कुठली कविता, कुठे, कधी, शुल्क किती, निकाल कधी, हक्कांचं काय. मी सात वर्षं लिहितेय, आणि ह्या वहीमुळेच एकच कविता दोन ठिकाणी जायची राहिली. एका ठिकाणी निवड झाली आणि तीच दुसरीकडेही पाठवलेली असेल तर दुसऱ्यांना त्याच दिवशी कळवा, साधं दोन ओळींचं पत्र पुरतं.

निकालाची तारीख उलटून महिना गेला तर एकदा नम्रपणे विचारा. परीक्षकाला मात्र फोन करू नका. माझ्या घरी एका स्पर्धकाचे वडील आले होते, पोराला उत्तेजनार्थ तरी द्या म्हणायला. मला त्यांच्याबद्दल राग नव्हता पण तो निकाल लावताना माझा हात जड झाला होता. सादरीकरणाला बोलावलं तर घड्याळ लावून घरी चार वेळा वाचा, आणि कवितेआधी तिची कहाणी सांगत बसू नका.

नाही निवडली तर ती कविता आता मोकळी आहे, पंधरा दिवसांनी काढून पुन्हा वाचा, एखादी ओळ बदला, पुढे पाठवा. मात्राकची कविता माझी तिसऱ्या ठिकाणी घेतली. दोनदा परत आली तेव्हा तिला आणखी एक कडवं होतं, शेवटी पुनरुत्थानाबद्दल, ते मी काढून टाकलं. त्या मुलीनंही एकेचाळीस ओळींतल्या बावीस ठेवल्या, आजोबा मेणबत्ती वाऱ्यापासून हातानं झाकतात तेवढंच, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाताना स्वतः पोस्टात टाकून आली. पावती तिनं मला दाखवायला आणली होती.